‘तीनदा पॅरेंट लावा’ हा सल्ला घेऊ नका

हिंजवडीत नव्याने नोकरीला लागलेल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, वेबपानाच्या एचटीएमएलमधून कोडने माहिती काढण्याबद्दल एक सल्ला फिरतोय: ‘सर्व्हरवर ब्राउझरसारखं क्लोजेस्ट नसतं. वरचा टॅग हवा तर इन्स्पेक्टरमध्ये पायऱ्या मोजा आणि तितक्यांदा पॅरेंट लावा. वर चढत शोधणारा लूप लावलात तर कोड मंदावेल.’ (क्लोजेस्ट म्हणजे एखाद्या टॅगपासून वर चढत हवा तो सगळ्यांत जवळचा टॅग शोधणारी सोय, पॅरेंट म्हणजे एक पायरी वरचा टॅग, आणि इन्स्पेक्टर म्हणजे ब्राउझरमध्ये पानाची रचना दाखवणारी खिडकी.) सल्ल्यातली तिन्ही विधानं चूक आहेत, आणि मधलं तर घातक.

क्लोजेस्ट नसतं? एचटीएमएल वाचणाऱ्या लायब्रऱ्या पाहा: जावाच्या जेसूपमध्ये आणि नोड.जेएसच्या चीरिओमध्ये ते याच नावाने आहे. पायथनच्या ब्यूटिफुल सूपमध्ये फाइंड पॅरेंट, रुबीच्या नोकोगिरीत अ‍ॅन्सेस्टर्स. टॅगपर्यंतची वाट सांगणाऱ्या एक्सपाथ या भाषेत तर पूर्वजांचा, म्हणजे वरच्या सगळ्या टॅगांचा, अक्ष १९९९ पासून आहे. मात्र क्लोजेस्ट त्या टॅगपासूनच शोधू लागतं आणि फाइंड पॅरेंट त्याच्या वरून, हे विसरू नका.

आता पायऱ्या. मार्केट यार्डातल्या भावांसारखा तक्ता घ्या: टेबल, त्यात टीआर (ओळ), त्यात ‘कांदा’ लिहिलेला टीडी (चौकट). मूळ पानात टीबॉडी (ओळींना एकत्र धरणारा टॅग) नाही, पण एचटीएमएल ५ च्या नियमांप्रमाणे ब्राउझर तो स्वतः घालतो. म्हणून इन्स्पेक्टरमध्ये टीडीपासून टेबल तिसऱ्या पायरीवर दिसतं. जेसूप आणि पायथनची एचटीएमएल५लिबही टीबॉडी घालतात. पायथनच्याच एलएक्सएमएलचा नेहमीचा पार्सर (मजकुरातून टॅगांचं झाड बांधणारा भाग) घालत नाही. तिथे टेबल दुसऱ्याच पायरीवर असतं, आणि तिसरा पॅरेंट म्हणजे दोन-तीन तक्ते पोटात घेतलेला बाहेरचा डिव्ह (पानाचे भाग पाडणारा टॅग). एरर येत नाही. बटाट्याचे भाव गुपचूप कांद्याच्या नावावर जमा होतात. त्यात ब्यूटिफुल सूपला पार्सर सांगितला नाही, तर मशीनवर बसवलेल्यांपैकी एक तो आपणच निवडतो. माझ्या लॅपटॉपवर बरोबर चाललेला कोड सर्व्हरवर असाच चुकला होता, आणि चूक कोडमध्ये शोधण्यात माझ्या दोन रात्री गेल्या. पार्सरचं नाव लिहा, आणि ‘सगळ्यांत जवळचं टेबल’ असंच मागा.

एक्सपाथमध्ये कंस जपा. पूर्वजांच्या अक्षाला थेट [१], म्हणजे ‘पहिला’, लावलं तर सगळ्यांत जवळचा डिव्ह मिळतो. आधीचा सगळा भाग कंसात घालून मग [१] लावलं तर सगळ्यांत बाहेरचा.

मंदपणाचं म्हणाल, तर बहुतेक लायब्रऱ्यांत प्रत्येक टॅगकडे आपल्या पालकाचा (पॅरेंटचा) पत्ता असतो. लूप पानभर हिंडत नाही, मुळापर्यंतच्या मोजक्या पायऱ्या चढतो. पायथनच्या एलिमेंटट्रीत मात्र हा पत्ता नसतो, आणि एचटीएमएल५लिब वेगळं न सांगितल्यास तेच झाड देतं. तिथे आधी एकदा सगळ्या झाडावरून फिरून कोणाचा पालक कोण हे डिक्शनरीत नोंदवा, मग खुशाल वर चढा.