रिकाम्या खुर्चीची सोय

फिजीच्या राजधानीत, सुव्यात, आमच्या शेजारी तुवालू या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटदेशातलं एक कुटुंब राहतं, मूळचं नुकुफेटाऊ बेटावरचं. घरातल्या आजी दुपारी व्हरांड्यात केवड्यासारख्या लांब पानांच्या पट्ट्यांची चटई विणत बसतात. हात चालू, तोंडही चालू. त्यांचा आवडता किस्सा २०१३ च्या पोटनिवडणुकीचा.

तुवालूची संसद तेव्हा १५ जणांची, पक्ष नाहीतच. डिसेंबर २०१२ मध्ये अर्थमंत्री लोतोआला मेतिया वारले, नुकुफेटाऊची एक जागा रिकामी झाली आणि सरकार-विरोधक ७-७ वर आले. पंतप्रधानांनी सूचना काढल्याशिवाय पोटनिवडणूक नाही, असा तिथला कायदा. म्हणजे ज्याची खुर्ची जायची, त्याच्याच हातात पेन! पंतप्रधान विली तेलावी गप्प बसले. शेवटी प्रकरण हायकोर्टात गेलं, कोर्टाने त्यांना सूचना काढायला लावली आणि २८ जूनला विरोधी गटाचे एलिसाला पिटा निवडून आले. तेलावींनी मग संसदच भरवायला टाळाटाळ केली. १ ऑगस्टला गव्हर्नर जनरलांनी त्यांना पदावरून दूर केलं आणि एनेले सोपोआगा पंतप्रधान झाले. पाच-सहाशे वस्तीच्या बेटाने सरकार बदललं, हे सांगताना आजींची मान अशी ताठ होते की बघत राहावं.

मीही पुणेकर. आपल्याकडे निवडणूक आयोग स्वतंत्र आहे, पंतप्रधानाच्या मर्जीवर काही चालत नाही, असं मी ऐटीत ऐकवलं. रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची, अशी कायद्यात मुदत आहे, हेही. आणि मग जीभ चावली.

२९ मार्च २०२३ ला पुण्याचे खासदार गिरीश बापट गेले. लोकसभेची मुदत वर्षाहून जास्त उरली होती, तरी पोटनिवडणूक झाली नाही. आयोग म्हणे इतर निवडणुकांच्या कामात होता. त्याच पुण्यात आमदार मुक्ता टिळकांच्या निधनानंतर कसब्याची पोटनिवडणूक दोन-सव्वादोन महिन्यांत उरकली होती. (त्यात सत्ताधारी पडले, ही आठवण पुण्यात कुणाला करून द्यावी लागत नाही.) डिसेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने ताबडतोब निवडणूक घ्या म्हणून सुनावलं, जानेवारीत सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, आणि पुण्याला थेट २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीतच खासदार मिळाला.

तुवालूचं मला फार कौतुक करायचं नाही. तिथेही कोर्टात गेल्यावाचून गाडं हललं नाही आणि मतं बरीचशी नात्यागोत्याने पडतात. पण जागा रिकामी आहे हे तिथे रोज टोचत होतं. आपल्याकडे लाखो मतदारांच्या शहरात कुणाचं जेवण अडलं नाही. कायद्यातली पळवाट मला तितकीशी खटकत नाही; कुणाला काही वाटलंच नाही, हे जास्त खटकतं.

आजींनी विचारलं, “मग इतके दिवस दिल्लीत तुमच्या वतीने बोललं कोण?” उत्तर सुचेना, म्हणून रात्री सदाशिव पेठेतल्या काकांना फोन लावून तोच प्रश्न त्यांना केला.

“खासदार कशाला लागतो रे?” काका म्हणाले. “नळाला पाणी नाही आलं तर आपण नगरसेवकाकडे जायचो.” मग जरा थांबून, “तेही २०२२ पासून नव्हतेच म्हणा.”