तुमच्यापासून तुमचा फोन कसा जपावा

नवीन फोन घेतलात? अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे हा फोन आपला आहे हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. पैसे तुमचे गेले हे कबूल, पण म्हणून लगेच मालकासारखं वागायचं का? फोनला खरा धोका कुणाकडून असतो माहितीये, हॅकर वगैरे नाही हो, तुमच्याकडून. आज ना उद्या तुम्हाला कुठलं तरी छोटंसं ॲप सापडणार, फुकटचं, जाहिराती नसलेलं, सोर्स कोड सगळ्यांना बघायला खुला असलेलं, आणि तुम्ही ते टाकून मोकळे होणार. असल्या संकटातून तुम्हाला वाचवायला कंपनी बसलीये.

आता स्वतःची अक्कल कुठे किती चालवायची ते नीट समजून घ्या. ॲपलचा मॅक घेऊन बसलात तर इंटरनेटवरून कुठलंही सॉफ्टवेअर उतरवा, एकदोन इशारे येतील, सेटिंगमध्ये जाऊन 'तरीही उघडा' म्हणा की झालं, म्हणजे तिथे तुम्ही सज्ञान. त्याच कंपनीचा आयफोन हातात घेतला रे घेतला की तुम्ही बाळ. माणूस तोच, फोटो तेच, बँकेचा पासवर्डही तोच, पण आता ॲप घ्यायला दुकान एकच, कंपनीचं, २००८ पासून. बरं, मार्च २०२४ मध्ये युरोपियन युनियनच्या कायद्याने तिथे दुसऱ्या ॲप दुकानांना वाट द्यावी लागली, म्हणजे बाळ कधी मोठं होणार हे पासपोर्टवर ठरतं बहुतेक. दुकानातल्या डिजिटल विक्रीवर कंपनी साधारण १५ ते ३० टक्के कापते त्याचा यात संबंध लावू नका, कृतघ्नपणा दिसतो. आणि २०१५ मध्ये कंपनी स्वतः तपासून माल ठेवते त्याच दुकानात एक्सकोडघोस्ट नावाच्या घातक सॉफ्टवेअरची लागण झालेली ॲप्स सापडली होती, त्यात वीचॅटसुद्धा, हा विषय तर चारचौघात काढूच नका.

अँड्रॉइडवाल्यांनी हसू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की सप्टेंबर २०२६ पासून आधी ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये आणि मग बाकीकडे, ॲप प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायचं असलं तरी बनवणाऱ्याने आपली ओळख गूगलकडे पटवून दिलेली पाहिजे. एफ-ड्रॉइडसारखे, म्हणजे खुल्या सोर्स कोडच्या फुकट ॲप्सचं दुकान चालवणारे, लोक ओरडले, तेव्हा नोव्हेंबरमध्ये गूगल म्हणालं की अनुभवी लोकांसाठी वेगळी वाट ठेवू. (खोटी ॲप टाकायला लावून लोकांना लुबाडतात हे खरंय, त्यात विनोद नाही. पण घरात चोर शिरतात म्हणून कुलूप लावायचं आणि किल्ली बिल्डरने स्वतःच्या खिशात ठेवायची, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.)

प्रिंटर असेल तर शाईलाही भ्या. जानेवारी २०२४ मध्ये प्रिंटर बनवणाऱ्या एचपीच्या प्रमुखांनीच सांगितलं की शाईच्या कार्ट्रिजमधून व्हायरस येऊ शकतो. दुसऱ्या कंपनीच्या कार्ट्रिजमधून, अर्थात.

शेवटचं म्हणजे अपडेट. आलं की टाका, आत काय आहे विचारू नका, बाहेर काय गेलं तेही विचारू नका. प्लेस्टेशन ३ या गेम खेळायच्या यंत्रावर सुरुवातीला लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटरची एक खुली ऑपरेटिंग सिस्टिम, टाकता यायचं, सोनीनेच दिलेली सोय होती, लोकांनी त्यासाठी म्हणून घेतलेलं यंत्र. मग सुरक्षेचं कारण देऊन अपडेटने ती सोय काढली, १ एप्रिल २०१० ला, तारीख त्यांचीच, मी नाही निवडली. अपडेट नको म्हणणाऱ्यांना पूर्ण मुभा होती, फक्त ऑनलाइन खेळणं वगैरे बंद.

तुमच्याही फोनवर आत्ता एखादं येऊन थांबलं असेल बघा, 'आत्ता करू' आणि 'रात्री करू' अशी दोन बटणं घेऊन. 'नको' शोधत बसू नका, तुमच्याच सुरक्षेसाठी काढलंय ते.