डोळ्याचं दुखणं केमोच्या उष्णतेवर ढकलू नका

ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांमध्ये एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: केमो चालू असताना डोळे लाल होणं, अंधुक दिसणं ही केमोची उष्णता आहे. कॅन्सर रक्ताचा आहे, डोळ्याचा नाही, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन पैसे घालवू नका. रात्री डोळ्यात गाईचं तूप किंवा मध घाला, दिवसा गुलाबपाणी. हॉस्पिटलने दिलेले स्टेरॉइडचे थेंब बंद करा. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला की डोळेही नॉर्मल होतात, तरीही धूसर राहिलं तर चष्म्याचा नंबर बदललाय एवढंच. मी डोळ्यांचा डॉक्टर आहे. हे वाचून घरीच थांबलेले आणि उशिरा आलेले पेशंट माझ्यासमोर बसतात, म्हणून हे लिहितोय.

‘कॅन्सर रक्ताचा आहे, डोळ्याचा नाही.’ सगळी गफलत इथूनच सुरू होते. शरीर न कापता रक्तवाहिन्या उघड्या दिसतात अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्यावर प्रकाश टाकला की ल्युकेमियात, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या ब्लड कॅन्सरमध्ये, काय चाललंय ते तिथे दिसतं: फुगलेल्या, नागमोडी झालेल्या शिरा, रक्ताचे ओरखडे, आणि मधोमध पांढरा ठिपका असलेले लाल डाग. या डागांना रॉथ स्पॉट म्हणतात. स्विस पॅथॉलॉजिस्ट मॉरित्झ रॉथ यांनी १८७२ मध्ये ते नोंदवले, तेही ल्युकेमियात नव्हे, रक्तातल्या जंतुसंसर्गात. म्हणजे नुसता डाग पाहून निदान होत नाही, पण रक्त तपासायला हवं हे नक्की कळतं.

हे डाग का पडतात? प्लेटलेट दीड लाखाच्या वर असायला हव्यात, त्या दहा-वीस हजारांवर आल्या की बारीक वाहिन्यांतून रक्त झिरपतं. हिमोग्लोबिनही खाली गेलेलं असेल तर आणखी सहज. कधी हे रक्त पडद्याच्या पुढे साठतं आणि पेशंट बसलेला असला की त्याची वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसते. ते नेमकं पडद्याच्या मध्यभागी आलं, तर पेशंट सांगतो, ‘डॉक्टर, तुमचे कान दिसतात, तोंड दिसत नाही.’ या तक्रारीवर तुपाचा काय उपयोग होणार?

उलटंही होतं. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असाव्यात, त्या एक लाखाच्या पुढे गेल्या की रक्त दाट होऊन बारीक वाहिन्यांत तुंबतं. सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे काही पेशंट आधी चष्म्याच्या नंबरासाठीच आमच्याकडे येतात. पडदा पाहून आम्ही साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायला सांगतो आणि आजार तिथे उघड होतो. अशा माणसाने केमोचं नावही ऐकलेलं नसतं. मग उष्णता कसली?

आता लालीबद्दल. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर अचानक रक्तासारखा लाल डाग आला, दुखत नाही, नजर व्यवस्थित आहे, तर डोळ्याला सहसा धोका नसतो, तो डाग आपोआप विरतो. पण त्याच दिवशी प्लेटलेट पाहायला हव्यात, कारण डोळ्यात दिसलेला रक्तस्राव दुसरीकडेही चालू असू शकतो. लाली दुखते आहे, उजेड सहन होत नाही, ही गोष्ट वेगळी. पांढऱ्या पेशी कमी असताना डोळ्याभोवती सूज, एका बाजूचा गाल बधिर, एकाच्या दोन वस्तू दिसणं, नाकात काळी खपली असं काही आलं तर ती रात्रसुद्धा घरी काढायची नाही. ही म्युकर, २०२१ मध्ये महाराष्ट्राने जिला ‘काळी बुरशी’ म्हणून ओळखलं तीच. ब्लड कॅन्सरच्या वॉर्डात ती कोविडच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

म्हणून मध, तूप, गुलाबपाणी यांना माझा साफ नकार आहे. वैद्य आपल्या देखरेखीखाली निरोगी माणसावर काय उपचार करतात हा वाद मी इथे काढत नाही. केमोनंतर जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली जातात, तेव्हा घरातल्या बरणीतलं काहीही डोळ्यात घालणं म्हणजे बुबुळावर जंतू नेऊन ठेवणं. लढायला पेशीच नसल्यामुळे लाली आणि पूही सुरुवातीला कमीच दिसतो. घरच्यांना वाटतं, आराम पडतोय.

स्टेरॉइडचे थेंब बंद करायचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात अर्धं खरं आहे. स्टेरॉइडचे थेंब मनाने महिनोन्‌महिने घातले तर काचबिंदू होतो, मोतीबिंदू होतो. म्हणून मेडिकलवाल्याकडून घेऊन कुणी ते घालू नयेत. पण ल्युकेमियात ते थोड्या दिवसांसाठी आणि ठरावीक कारणाने दिलेले असतात. सायटाराबिन नावाचं औषध मोठ्या डोसमध्ये शिरेतून देतात. ते अश्रूंत उतरतं आणि बुबुळाच्या पारदर्शक थराच्या भराभर वाढणाऱ्या पेशींवरच घाव घालतं. डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचतं, पाणी वाहतं, माणूस खोलीचे पडदे लावून उशीत तोंड खुपसून पडतो. हे होऊ नये म्हणून पहिल्या डोसच्या आधीपासून शेवटच्या डोसनंतर दोन-तीन दिवसांपर्यंत हे थेंब घालायचे असतात. नर्सने रात्री थेंबांसाठी उठवलं तर उठा.

घाबरू नका, असंही फॉरवर्डमध्ये आहे. एका बाबतीत ते मान्य. सीएमएलसाठी इमॅटिनिबची गोळी घेणाऱ्यांच्या पापण्या सकाळी सुजतात, डोळ्यांतून पाणी येतं. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे स्वस्त जेनेरिक गोळीचा रस्ता खुला राहिला. आपल्याकडे कितीतरी लोक ती वर्षानुवर्षं घेतात, त्यामुळे ही सूज आम्हाला रोजची आहे. बहुतेकदा ती त्रासदायक असते, धोक्याची नसते. आरशात पाहून गोळी बंद करणं मात्र खरोखर धोक्याचं.

‘रिपोर्ट नॉर्मल की डोळे नॉर्मल.’ पडद्यावरचे रक्ताचे डाग रक्तातल्या पेशींचे काउंट सुधारले की बहुतेक वेळा विरतात आणि नजरही बरीच परत येते, हे खरं आहे. ते आजारावरच्या उपचाराचं फळ आहे. आपण घातलेल्या तुपाला त्याचं श्रेय देऊ नये. पण मेंदू आणि डोळ्याची नस या जागी शिरेतून दिलेली बरीचशी केमो पुरेशी पोचत नाही. म्हणून तर पाठीतून इंजेक्शनं देतात. बोनमॅरो, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा मगज, स्वच्छ असतानाही ल्युकेमियाच्या पेशी त्या नसेत उतरू शकतात. ल्युकेमियाच्या अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक प्रकारात हे विशेष लक्षात ठेवावं लागतं. एका डोळ्याची नजर काही दिवसांत घसरते, रंग फिके वाटतात, डोळा बाहेरून अगदी ठीक दिसतो. तेव्हा एमआरआय, पाठीतलं पाणी तपासणं, आणि वेळ न घालवता पाठीतून केमो किंवा रेडिएशन, असं धावपळीचं काम असतं. नस वाळली की नजर परत आणता येत नाही.

दात्याचा बोनमॅरो घेतलेल्यांचं तर उलटंच असतं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ मध्ये भारतातलं पहिलं बोनमॅरो प्रत्यारोपण झालं. तेव्हापासून हे उपचार पुष्कळ पसरले, आणि त्यांच्यासोबत डोळ्यांच्या कोरडेपणाचा एक चिवट प्रकारही. दात्याच्या पेशी अश्रूंच्या ग्रंथींवर उलटतात. कॅन्सर गेलेला, रिपोर्ट उत्तम, आणि माणसाला रडू आलं तरी डोळ्यात पाणी नाही. यावर वंगणाचे थेंब, पेशंटच्याच रक्तातल्या सीरमचे थेंब, मोठ्या आकाराच्या स्क्लेरल लेन्स असे उपाय आहेत. पण ते सुरू करायला डोळ्यांच्या डॉक्टरकडे यावंच लागतं.

शेवटचा मुद्दा चष्म्याचा. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या दिवसांत अनेकांची साखर चढते आणि साखरेबरोबर नंबरही वरखाली होतो. त्या आठवड्यात घाईने करून घेतलेला चष्मा पुढच्या महिन्यात कपाटात पडतो. आधी पडदा आणि नस तपासून घ्यायची, साखर स्थिरावू द्यायची, आणि मगच नंबर काढायचा.