एक छिद्र की चार? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल. दुर्बिणीने पित्ताशय काढताना पोटाला चार छिद्रं पाडण्याची नेहमीची पद्धतच बरी, अशी बाजू मी माझ्या लेखात घेतली होती. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पित्ताशय बेंबीतल्या एकाच छिद्रातून काढता येत असताना चार छिद्रांची बाजू घेणं हा जुनाट हट्ट आहे, एका छिद्रात जखम लहान, दुखणं कमी, व्रण दिसत नाही.

व्रणाचं मान्य. तो बेंबीच्या घडीत लपतो. लेखात ही बाब मी एका ओळीत उडवून लावली, ते चुकलं.

जखम लहान, हे मात्र हिशेबात बसत नाही. नेहमीच्या पद्धतीत दोन छिद्रं 10 मिमीची आणि दोन 5 मिमीची. बेरीज 30 मिमी. एका छिद्रासाठी बेंबीत 20 ते 25 मिमीचा छेद लागतो. वाचले पाच-दहा मिमी, पण पोटाची भिंत एकाच जागी जास्त उघडली. 5 मिमीच्या छिद्राला आतून टाका सहसा लागत नाही. मोठा छेद नीट शिवला गेला नाही किंवा तिथे पू झाला, तर हर्नियाला वाट मिळते, आणि या पद्धतीत त्याचं प्रमाण जास्त आढळतंही.

खरी अडचण ओढीची आहे. चार छिद्रांत एक चिमटा पित्ताशयाचा माथा उजव्या खांद्याच्या दिशेने वर ढकलून धरतो आणि दुसरा त्याची मान खाली-उजवीकडे ओढतो. या दुसऱ्या ओढीमुळे पित्ताशयाची नलिका मुख्य पित्तनलिकेपासून (यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीपासून) कोन करून वेगळी दिसते. मानही वरच ओढली, तर दोन्ही नलिका एका रेषेत येतात आणि पित्ताशयाची समजून मुख्य नलिकाच कापली जाऊ शकते. एका छिद्रातून कॅमेरा आणि अवजारं जवळजवळ समांतर शिरतात, एकमेकांवर आदळतात. वाकडी अवजारं वापरली तर आत त्यांची फुली होते आणि डावा हात उजवीकडे काम करतो. साध्या पित्ताशयात हे निभावतं. सुजून चिकटलेल्यात नाही.

म्हणून मी छिद्रं मोजत नाही, सर्जन स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये मांडलेल्या अटी मोजतो: पित्ताशयाची नलिका, त्याची धमनी आणि यकृत यांमधली चरबी साफ झालेली, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, नलिका आणि धमनी, उरलेल्या. त्यानंतरच त्या बंद करणारी क्लिप लावायची आणि कापायचं. हे तीन छिद्रांत साधत असेल तर चौथं कशाला? व्रणाचाच आग्रह असेल, तर 2-3 मिमीच्या बारीक अवजारांची पद्धत मला जास्त शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात कोन तसेच राहतात. मात्र बारीक चिमट्यात जाड, सुजलेली भिंत नीट धरली जात नाही. ती फाटली की पित्ताशयातले खडे पोटात सांडतात, आणि मागे राहिलेला खडा कधीकधी बऱ्याच काळाने गळू करतो.

दुखण्याचं म्हणाल, तर खांद्यातली कळ छिद्रांमुळे नसते. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) चुरचुरतं आणि ती कळ खांद्यात जाणवते. वायूचा दाब नेहमीच्या 12-15 ऐवजी 8-10 मिमी पारा ठेवला आणि शेवटी वायू नीट काढून टाकला, की ती कमी होते.

‘पोट उघडावं लागलं म्हणजे सर्जन कच्चा’ हे तुमचं शेवटचं वाक्य मात्र अजिबात पटलं नाही. वरच्या अटी पुऱ्या होत नसतील, तर जादा छिद्र घ्यावं, पोट उघडावं, नाहीतर पित्ताशयाचा बुडखा मागे ठेवून खडे आणि बाकीचा भाग काढावा. बुडखा ठेवल्यावर काही दिवस पित्त झिरपू शकतं, म्हणून शेजारी नळी ठेवून बाहेर पडतात.