चाळीस लाखांचं घर, तेही चाकावर

रविवारी सकाळी राजवाड्यावरच्या कट्ट्यावर नित्यानं जाहीर केलं की तो कॅम्परव्हॅन करून घेणार. फोर्सची अर्बेनिया घ्यायची, आत बेड, ओटा, फ्रिज, बाथरूम. गाडी आणि आतलं काम मिळून चाळीस लाख. चहा येईपर्यंत कुणी काही बोललं नाही, मग सुध्या (बत्तीस वर्षं बँकेत काढली, रिटायर झाला तरी डोक्यातलं व्याज काही थांबत नाही) म्हणाला, "पाच वर्षांनी कितीला जाईल?"

"विकायला घेतोय का मी?"

"सगळे असंच म्हणतात. इन्शुरन्सचा तक्ता बघ, सहा महिन्यांत ५ टक्के कापतात, वर्षाच्या आत १५, तिसरं वर्ष संपेपर्यंत ३०, पाचवं संपेपर्यंत ५०. गाडी उभी असली तरी."

राजाचं गॅरेज आहे, त्याला राहवेना. "अरे आणि तो तक्ता गाडीचा झाला, आतल्या फर्निचरचे पैसे देणारं गिऱ्हाईक कुठनं आणणार? तुला आवडलेला लाकडी लुक त्याला नकोच असतो. छताला एसीसाठी भोक पाडलं की सीलंट दरवर्षी तपासायला लागतं, एकदा का पाणी मुरलं की दार उघडल्या उघडल्या वासच सगळं सांगतो. आणि आरटीओत मोटर कॅरॅव्हॅन म्हणून रीतसर नोंद कर बाबा, नाहीतर पुढं विकताना बोंब. पांढऱ्या पाटीवर भाड्यानं पण देता येत नाही."

सुध्यानं वर्तमानपत्राच्या कडेला हिशोब मांडला. पाच वर्षांनी १८ लाख आले धर, म्हणजे २२ लाख गेले. वर्षाला वीस रात्री फिरलास तर शंभर रात्री, एका रात्रीचे बावीस हजार! वर चाळीस लाख एफडीत सात टक्क्यांनी राहिले असते तर सरळ व्याजानं १४ लाख, ते धरून छत्तीस हजार. डिझेल वेगळं.

"छत्तीस हजारात महाबळेश्वरला काय काय मिळेल रे," राजा.

सुध्याचा मावसभाऊ मिशिगनला असतो, त्यानं २०२१ मधे नवाकोरा आरव्ही (चाकावरच्या घराला तिकडं हेच म्हणतात) घेतला. कोविडमुळं तिकडं सगळ्यांनाच तेव्हा हौस आली होती, त्या एका वर्षात कंपन्यांनी सहा लाखांवर आरव्ही बाहेर काढले, रेकॉर्ड, आणि २०२३ मधे तोच आकडा सव्वातीन लाखांच्याही खाली. म्हणजे हा भाऊ ऐन चढ्या भावात घेऊन बसला आणि तीन वर्षांनी निम्म्याच्या जरा वर विकला. वर्षातले सहा महिने बर्फ, नळातलं पाणी गोठून पाइप फुटू नये म्हणून थंडीआधी त्यात गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, टायर न फिरताच म्हातारे होतात, आणि गाडी उभी करायला दरमहा भाडं!

मी आपलं मधेच बोललो की घराची किंमत वाढते ती खालच्या जमिनीमुळं, आणि हे घर तर जमिनीला टेकतच नाही. सर (आमचे गणिताचे, अजून कट्ट्यावर येतात) म्हणाले, "बरोबर, पण भाजक कुणी बघत नाही. नितीन, वर्षाला शंभर रात्री राहिलास तर ते छत्तीसचे सात हजार दोनशे होतात. तेव्हा किंमत किती पडते हा प्रश्न सोड, तू घरी किती बसतोस ते सांग."

नित्याचं दुकान आहे, वर्षात शंभर रात्री म्हणजे शटरला कुलूपच. पण तो चिडला. "मुलीच्या लग्नात तू हॉल, जेवण, बँड केलंस सुध्या, त्याची रिसेल काय आली? चार तासांत शंभर टक्के डेप्रिसिएशन!"

यावर सुध्या गप्प. खरं सांगतो, मलाही हे पटलं.

मग नित्या हळूच म्हणाला की आईचे गुडघे गेलेत, कमोड लागतो, रस्त्यातले संडास बघून तिनं बाहेर पडणंच सोडलंय. चार वर्षं झाली. तिला गाडीनं नर्मदा परिक्रमा करायचीय.

आता ह्याला काय बोलणार? राजाच म्हणाला शेवटी, मग आधी भाड्यानं घे की लेका, महाराष्ट्रानं २०२१ मधे कॅरॅव्हॅनचं धोरण काढलंय, भाड्यानं देणारे आहेत. पंधरा-वीस दिवस जा. काकू खूश झाल्या, तुझी कंबर शाबूत राहिली, तर बोलू पुढचं. आणि घ्यायचीच तर दुसऱ्याची तीन-चार वर्षं वापरलेली घे, पहिल्या वर्षाचा दणका त्यानं खाल्लेला असतो. नित्याला पटलंय असं वाटलं, निदान मान तरी हलवली.

"पण ती टाकी," सर म्हणाले.

"कुठली?"

"कमोडची. अमेरिकेत कॅम्पग्राउंडला रिकामी करायची सोय असते. तू ओंकारेश्वरला कुठं करणार?"

नित्या म्हणाला बघू. राजानं लगेच सांगितलं, गॅरेजला आणायची नाही.