आधी तू उघड

आमच्या साइटवरून पुणं गाडीने जेमतेम २०० किलोमीटर. पण पुण्याच्या सर्व्हरवरची नकाशाची फाइल मागितली, की ती मागणी विषुववृत्तावर टांगलेल्या उपग्रहापर्यंत ३६,००० किलोमीटर वर जाते, तेवढीच खाली पुण्यात उतरते आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. एकूण १,४४,००० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद. घाटात केबल आलेली नाही, म्हणून छपरावर व्हीसॅटची, म्हणजे थेट उपग्रहाशी बोलणारी, छत्री. पाऊस जोरात आला की ती छत्रीच आधी भिजून गप्प होते.

अर्ध्या सेकंदाने काय बिघडतं, असं मलाही वाटलं होतं. पण विंडोजमध्ये फाइल उघडणं म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. फोल्डर आहे का? आहे. आत कोण कोण? अमुक, तमुक. ही फाइल केवढी? शेवटची कधी बदलली? आम्हाला बघायचा हक्क आहे ना? प्रत्येक प्रश्न उपग्रहाला प्रदक्षिणा घालून येतो. असे शंभर सवालजवाब झाले की पन्नास सेकंद संपतात आणि नकाशा अजून आतल्या खोलीतच. मग ६० एमबीचा तो नकाशा २ एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला पाव एमबीच्या, लाइनीवरून खाली येणार, चार मिनिटांत. तीही कागदावरची. आणि खोलीतल्या आम्हा सहा जणांना तोच नकाशा हवा.

शेवटी पुण्याचा आयटीवाला फोनवर म्हणाला, "सर, ब्रँचकॅश चालू करून देतो." २००९ साली विंडोज ७ बरोबर आलेली ही सोय. तत्त्व अगदी चाळीतलं. फाइल एकाने मागवली, की तिचे तुकडे त्याच्या मशीनवर राहतात. दुसऱ्याला हवी झाली, की पुण्याहून फक्त तुकड्यांच्या खुणांची यादी येते, आणि मग त्याचं मशीन खोलीभर विचारत सुटतं, "कुणाकडे आहे का हो?" ज्याच्याकडे असेल तो वाटीभर साखर द्यावी तशी देतो. यादी पुण्याची असल्यामुळे शिळा माल खपत नाही, हेही मान्य करायला हवं.

गोची एवढीच, की साखर कुणीतरी आधी दुकानातून आणायला लागते.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता सगळे हजर. कॉम्प्युटर चालू, हात चहाच्या कपावर. नवा नकाशा आलाय हे सहाही जणांना ठाऊक, पण उघडेना कुणी. जो पहिला उघडेल तो उपग्रह सोसेल, बाकीचे आयते जेवतील. "साहेब, तुम्ही सीनियर, आधी तुम्ही." इतका मान मला लग्नातही मिळाला नव्हता. साइटच्या कॉलनीत राहणारा मी एकटाच असल्यामुळे सकाळी आठ वाजता येऊन सगळे नकाशे उघडून ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं. काकड आरतीच म्हणा.

पण मशीन बंद असेल तर साठा असून नसल्यासारखा. झाडायला येणाऱ्या मावशींना पंख्याचं, चार्जरचं आणि माझं बटण एकाच बोर्डावर दिसतं. त्या तिन्ही बंद करतात. मी बटणावर "बंद करू नये" अशी चिठ्ठी लावली. मावशी म्हणाल्या, "सायेब, मानूस न्हाई खोलीत आन यंत्र कशाला चालू? बिल कुनी भरायचं?" याला आयटीवाल्याकडेही उत्तर नव्हतं.

शिवाय ही सगळी शेजारधर्माची मौज वाचण्यापुरतीच. फाइल सेव्ह करायची, तर ती थेट पुण्याला. म्हणजे वाचणं उसनवारीवर आणि लिहिणं रोखीत. सेव्हचं बटण दाबून मी जेवून येतो.

एवढ्यात मला रजा हवी झाली. अर्जाची फाइल ४० केबीची. ६४ केबीच्या खालचं काही हा ब्रँचकॅश साठवतच नाही. एवढ्याशासाठी शेजाऱ्याचं दार काय वाजवायचं, असा त्याचा विचार असावा. त्यामुळे माझा गरीब अर्ज उघडताना, बदलताना, तारीख दुरुस्त करताना, दर वेळी अंतराळात जाऊन आला. तिसऱ्या दिवशी त्याच फाइलमध्ये पुण्याच्या साहेबांचा शेरा दिसला: "रजा मंजूर. जाताना मशीन चालू ठेवून जावे."