विंडोज मारली? आता तिला जगू देऊ नका

अभिनंदन! तुमच्या कंप्युटरवर नवी विंडोज मारून झाली. प्रिंटर पहिल्या झटक्यात सापडला, नेट लागलं, सगळं सुरळीत चाललंय. आता असंच चालू दिलं तर घरादाराला वाटेल की तुम्हाला कंप्युटरमधलं काही कळत नाही. तेव्हा लागा कामाला.

माझं सेलूत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट संपला, म्हणून दिवाळीनंतर विंडोज 11वालं मशीन घेतलं. दीड महिना त्यानं एक दिवस कुरकुर केली नाही. संशय यायला एवढं पुरेसं होतं.

सुरुवात भाच्यापासून करावी. नांदेडला कंप्युटर शिकणारा एखादा भाचा प्रत्येकाच्या नशिबात असतोच. रविवारी तो येतो, खुर्चीवर बसतो आणि म्हणतो, ‘‘मामा, कंपनी मशीन मुद्दाम स्लो देती. मक्खन करून देतो, दोन तास द्या फक्त.’’ त्याला चहा द्या, पासवर्ड द्या आणि तुम्ही चक्कर मारून या. दुकानात काम काय चालतं हे तो विचारणार नाही. तुम्हीही सांगू नका.

अपडेट आधी बंद. 2017च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरातल्या मशीनींना कुलपं घालून खंडणी मागितली. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवायचं अपडेट मार्चमध्येच येऊन पडलं होतं. दोन महिने आधी! एवढी घाई करायला मायक्रोसॉफ्टला सांगितलं होतं कोणी?

रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजची सेटिंगांची वही साफ करणारं सॉफ्टवेअर, टाकाच. आमचा अशा सॉफ्टवेअरला पाठिंबा नाही असं मायक्रोसॉफ्टनं लिहून ठेवलंय, पण ते बिचारे नुसती विंडोज बनवतात.

एमएसकॉन्फिग नावाच्या विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरच्या संख्येवर टिक करा आणि सगळ्यात मोठा आकडा निवडा. टिक नसतानाही विंडोज सगळे प्रोसेसर वापरतेच, पण आपण वापरायला लावले यातलं समाधान वेगळं.

फॉन्ट उडवा. ‘‘एवढे फॉन्ट कशाला?’’ म्हणत भाच्यानं श्रीलिपीचे, म्हणजे जुन्या मराठी टायपिंगचे, काढून टाकले. पंधरा वर्षांचे अर्जाचे नमुने आता उघडले की ‘मा. तहसीलदार साहेब’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा उकिरडा दिसतो. तो तसाच छापून दिला तरी उत्तर यायला तेवढेच दिवस लागतील म्हणा.

आणि मुख्य म्हणजे सर्व्हिसेस, पडद्यामागं गुपचूप राबणारे विंडोजचे गडी. यादी उघडली की शे-दोनशे नावं दिसतात. निम्मी तरी फुकटखाऊ असणार हे कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेलं असतंच. लाल कंधारी गोऱ्हा बाजारातून आणला की आपण नाही का म्हणत, चार पाय कशाला, तीनवर चालेल, तेवढाच चारा वाचेल? तसंच हे. माझ्या गोऱ्ह्याचा जो पाय काढला त्याचं नाव प्रिंट स्पूलर. हा मशीनमधला हमाल. पाठवलेले कागद रांगेत लावतो, प्रिंटर मोकळा झाला की एकेक पुढं सरकवतो. 2021च्या जुलैत त्यात प्रिंटनाइटमेअर नावाचं मोठं भोक निघालं. तेव्हा, जिथं छपाई लागतच नाही अशा मशीनवर ही सर्व्हिस बंद ठेवा, असा सल्ला होता. या व्हिडिओतून त्या व्हिडिओत जाता जाता ‘जिथं छपाई लागतच नाही’ एवढं गळून पडलं आणि ‘बंद ठेवा’ तेवढं भाच्यापर्यंत पोचलं. भाचा बसला होता कुठं? छपाईच्या दुकानात! पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलंय ते!

दुसरा दिवस 15 डिसेंबर. हरभऱ्याच्या विम्याची शेवटची तारीख. नऊच्या आत दारात रांग. आणि सर्व्हर चक्क चालू! वर्षातून एखादाच येतो असा दिवस. फॉर्म भरला, पावतीला प्रिंट दिली, कागद जागचा हलेना. कार्ट्रिज काढून झटकलं. केबल बदलली. मशीन तीनदा बंद-चालू केलं. प्रिंटर काढून परत जोडायला गेलो तर तो सापडेनाच. पीकपेऱ्याचे कोरे नमुनेही निघेनात, म्हणजे पुढचं भरायचंही अडलं. शेजारच्या दुकानातली रांग रस्त्यावर आलेली.

‘‘दादा, निघंना का?’’

‘‘निघतंय बापू, बसा.’’

‘‘पावती हातात पडल्याबिगर मी जात नाही बगा. मागच्या खेपंला कागद न्हाई म्हणून दारातच उभं केलं होतं.’’

भाच्याला फोन लावला. पठ्ठ्या म्हणतो, ‘‘मामा, पण बूट किती सेकंदात होतंय ते बघा की! बावीसचं चौदावर आणलंय.’’

आठ सेकंद! सकाळी एकदा मशीन चालू करणारा माणूस मी. त्या वाचलेल्या आठ सेकंदांत काय करू, हरभऱ्याचे शेंडे खुडून येऊ?

सापडलं तेव्हा साडेसहा वाजले होते. सर्व्हिसेस उघडायची, प्रिंट स्पूलर, डिसेबल्डचं ऑटोमॅटिक, स्टार्ट. अर्ध्या मिनिटाचं काम. बापूंची गाडी सहाला गेलेली, मुलगा पुण्याला, फोन बटणाचा. फॉर्म गेला, पण म्हातारा दिवसभर बसून रिकाम्या हातानं गेला.

आता सरळच बोलतो. स्टार्टचं बटण मधी आवडत नाही? डावीकडं घ्या, मीही घेतलंय. नोटिफिकेशनचा गोंगाट बंद करा, मराठी कीबोर्ड टाका. ते डोळ्यांना दिसतं, नको वाटलं तर परत फिरवता येतं. पण जे नाव आयुष्यात पहिल्यांदा वाचलं ते बंद करायला हात धजतोच कसा? मशीन आधीसारखं करता यावं म्हणून रिस्टोर पॉइंट करून ठेवायला काय धाड भरली होती? काय काय बंद केलं ते चहाच्या कपाशेजारच्या वहीत लिहायला बोटं दुखत होती? हॉस्टेलवरच्या तुझ्या मशीनचं रोज खोबरं कर, कोणी विचारणार नाही. हे मशीन लोकांच्या कामाचं आहे. इथं बसायच्या आधी एका शब्दानं विचारायचं होतंस, ‘मामा, यावर करता काय?’ तेवढंही सुचलं नाही तुला?

बापूंची पावती गल्ल्यात घडी करून ठेवलीय. रविवारी येशील तेव्हा खुर्चीवर बसू नकोस. गाडीत पेट्रोल टाक आणि ती त्यांच्या गावाला नेऊन दे.